भाऊबिजेचं ताट आणि केडगावचं फाटक

२००३ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि तोपर्यंत रस्त्यावरचा एकही ड्रायव्हर मला 'चुकलं' म्हणालेला नव्हता.

माझं मागणं काही मोठं नव्हतं. गाडी अंगावर घातलीस? बाजू दिली नाहीस? धोतरावर चिखल उडवलास? हरकत नाही. खाली उतर, 'चुकलं, आबा' म्हण आणि जा आपल्या वाटेनं. पण नाही! मी शिरूर तालुक्यातला, न्हावऱ्याजवळच्या वस्तीवरचा माणूस. शाळा तिसरीपर्यंत, बाकी सगळा जन्म बैलगाडीवर. समोरून दुसरी गाडी आली की माझे बैल न सांगता डाव्या अंगाला सरकायचे. त्यांनी काही लायसन काढलेलं नव्हतं! पुढं बैल गेले, थोरल्या पोरानं मला जुनी एम-एटी फटफटी घेऊन दिली, आणि मग कळलं की बैलांएवढी समज असलेलं रस्त्यावर कुणी उरलेलंच नाही. कंपन्यांत माणसं पोचवणाऱ्या जीपा काय, कर्णा लावून गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर काय. त्यात मोबाईलचं नवं खूळ आलेलं. एक हात कानाला, दुसरा खिडकीबाहेर. मग चाक कुणाच्या हातात? देवाच्या?

मी सोडायचो नाही. एकदा कारेगावात एका ट्रकपुढं एम-एटी आडवी लावून अर्धा तास उभा राहिलो. ड्रायव्हर लांबच्या मुलखातला.

"बोल, गलती झाला!" मी म्हणालो.

"चाचा, राँग साइड में तो आप खडे हो," तो म्हणाला.

(होतो. पण ती गोष्ट वेगळी. मी जाब विचारायला उभा होतो.)

गाडीला दोन आरसे आले होते, ते मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकले. मागच्यानं आपल्याला बघावं, आपण मागं कशाला बघायचं? आणि मागं होतं तरी कोण! आमची मंडळी, कौसा. ती पदर खोचून बसायची आणि मी पुढं तोंड करून तिला ड्रायव्हर लोकांचे गुण सांगायचो. जाताना सांगायचो, येताना सांगायचो. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. तो किती महागात पडला, तेच सांगायला बसलोय.

कौसाला एकच भाऊ, बबन. तो दोन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा कौसानंच त्याला कडेवर वाढवला. पुढं तो रेल्वेत खलाशी म्हणून लागला, दौंडला राहिला. भाऊबिजेला हिच्या हातनं ओवाळून घेतल्याशिवाय तो अन्नाला शिवायचा नाही. पोरंबाळं झाली, डोक्याचे केस गेले, तरी तेच. त्या वर्षी त्याची बदली भुसावळला झाली आणि हजर व्हायचं होतं नेमकं भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे भाऊबिजेला दुपारी तीनच्या गाडीनं त्याला बिऱ्हाडासकट निघायचं होतं. निरोप आला : "ताईला म्हणावं, फलाटावरच ओवाळ. मी वाट बघतो."

त्या दिवशी सकाळी अकराला आम्ही निघालो. मागच्या कॅरिअरला बबनसाठी बाजरीच्या पिठाचं पोतं बांधलेलं. कौसाच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं ताट : निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि एक नारळ.

"तीनच्या आत पोचू न्हवं?" तिनं विचारलं.

"तीनच्या? दोनला फलाटावर च्या पीत बसशील!"

बाराच्या सुमाराला केडगावच्या रेल्वे फाटकापाशी आलो, तर फाटक बंद.

आता बंद फाटकापुढं आपल्याकडची माणसं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. डावी बाजू भरली की उजवी भरतात. पलीकडचेही तेच करतात. फाटक उघडलं की दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर! त्या दिवशी तर ज्याला त्याला बहिणीकडं जायची घाई. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"कौसा, उतर खाली."

"का वं?"

"रस्त्याच्या मधोमध हुबी राहा. तुझ्या उजव्या हाताला कुणाला येऊ द्यायचं न्हाई. म्या म्होरं जाऊन लायनी लावतो."

"अवं, मी बाईमाणूस, कोण ऐकंल माझं?"

"ताट हातात हाय न्हवं? ओवाळणीच्या ताटाला कोन धडक दील?"

उभी राहिली बिचारी. हातात ताट धरून, भर उन्हात, चौकातल्या पोलिसासारखी. मी पुढं जाऊन दोन ट्रॅक्टर आणि एक टेम्पो डावीकडं घ्यायला लावले. लोक हसत होते, पण सरकत होते. (तो माझ्या आयुष्यातला फार चांगला पाव तास होता. खोटं कशाला बोलू!)

गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं. मी येऊन एम-एटी चालू केली. तेवढ्यात मागनं एक पांढरी जीप आली. ड्रायव्हरचा एक हात कानाला, कानाशी मोबाईल. समोर बाई उभी आहे, बाईच्या हातात ताट आहे, याचा त्याला पत्ताच नाही! शेवटच्या घडीला त्यानं चाक फिरवलं, जीप हिच्या पदराला वारा घालून गेली आणि ताटातला नारळ उडून रस्त्यावर घरंगळत गेला.

"आरं ए! थांब!"

कसला थांबतोय! बोलता बोलता गेला फाटकापल्याड.

"बस!" मी कौसाला ओरडलो आणि गाडी सोडली. रुळांवर गाडी गचकली, मागचं पोतं दणकलं. मला वाटलं, बसली.

ती बसली नव्हती. ती नारळ उचलायला वाकली होती.

हे मला पुढं फाटकवाल्यानं सांगितलं. कौसा धावली, ओरडली. पण नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? म्हणून ती आपली "अवं! अवं, थांबा!" एवढंच ओरडत राहिली. त्या हाकेसरशी चार गाडीवाल्यांनी ब्रेक मारले, चौघांनी मागं वळून बघितलं. पाचवा तेवढा बघणारा नव्हता. आरसे नसलेला.

चौफुल्याला आलो. दौंडला डावीकडं जायचं, जीप वळली उजवीकडं, यवतकडं. मी क्षणभर विचार केला. क्षणभरच.

"कौसा, दहा मिनिटं! त्याला 'चुकलं' म्हणायला लावतो आन् लगीच फिरतो. चालंल न्हवं?"

मागनं उत्तर आलं नाही. चाळीस वर्षांत आलं नव्हतं, त्यात नवल ते काय! मी ते 'चालंल' असं धरलं. यवतपर्यंत सगळ्या वाटेनं तिला समजावून सांगितलं, की मोबाईलवाल्यांना कसं वठणीवर आणलं पाहिजे, आपण असे गप्प बसलो तर कसं होणार, आणि बाईमाणसाचा मान राखणारा आता माझ्यासारखा एखादाच. पाठीमागं पिठाचं पोतं मन लावून ऐकत होतं.

जीप यवतमधल्या एका घरापुढं थांबलेली सापडली. मी एम-एटी रस्त्यावर लावली आणि सरळ दारात गेलो. आत तो तीस-पस्तीसचा ड्रायव्हर पाटावर बसलेला, डोक्याला टोपी, आणि समोर त्याची बहीण निरांजन लावून ओवाळायच्या बेतात.

"ऊठ!" मी म्हणालो.

ताट तिच्या हातात तसंच राहिलं. "कोण वं तुम्ही, आबा?"

"ह्याला इचार! केडगावच्या फाटकावर माझ्या बायकोच्या ताटातला नारळ पाडलाय ह्यानं. कानाला फोन लावून!"

ड्रायव्हर गोंधळला. "आबा, हिचाच फोन होता. कुठवर आलास, कुठवर आलास, सकाळधरनं दहांदा..."

"ते म्या इचारलं न्हाई. चुकलं म्हण."

"अवं पण मला कुणी दिसलंच न्हाई..."

"दिसलं न्हाई, हीच चूक!"

शेजारपाजारची माणसं गोळा झाली. आता माणसं जमली की मला आवरत नाही. मी पहिल्यापासून सुरू केलं. बैल कसे बाजू द्यायचे, कारेगावच्या ट्रकवाल्यानं काय केलं, सगळं. त्या माउलीनं मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. चहा आणला, घेतला नाही. 'चुकलं' म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नाही म्हणालो. एक जण म्हणाला, "सणाचा दिवस हाय, आबा, सोडून द्या." त्यालाही मी वेगळं झापलं. अर्धा तास गेला असेल. निरांजन विझलं, तिनं परत लावलं.

शेवटी ती बहीण म्हणाली, "आबा, तुमचं खरं हाय. पण मावशी कुठं हायत? त्यांना उन्हात का ठेवलंय? त्यांना आत बोलवा, मी त्यांची वटी भरते."

"बोलावतो की! तीच साक्ष दील!" मी ऐटीत वळलो. "कौसा, ये गं आत!"

सगळे माझ्या मागून रस्त्याकडं बघायला लागले. एम-एटी उभी. सीट मोकळं. मागं पोतं.

"कुठाय मावशी?" ड्रायव्हरनं विचारलं.

मी पोत्याकडं बघत राहिलो. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं पोत्याच्या मागं वाकून बघितलं. (का बघितलं, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.) मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"केडगावलाच राहिली," मी म्हणालो.

"अवं, मग चला की! जीपमधी बसा," ड्रायव्हर पाटावरून उठला.

"तुझ्या जीपमधी? आधी चुकलं म्हण!"

आणि एम-एटीला लाथ मारून निघालो. आजही ती लाथ आठवली की ती मला स्वतःलाच मारावीशी वाटते.

यवत सोडून थोडा पुढं आलो आणि पेट्रोल संपलं. उगीच उजवीकडं वळल्याचं फळ! दीड वाजला होता. मी गाडी ढकलायला लागलो. पिठाचं पोतं आता भलतंच जड लागत होतं. मागनं गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या, "ओ मामा, कडंनं!" म्हणत होत्या. मी कुणालाच थांबवलं नाही. तेवढा श्वासच नव्हता.

इतक्यात तीच पांढरी जीप शेजारी येऊन थांबली.

"बसा, आबा. गाडी टपावर टाकू."

"न्हाई."

"मावशी तिकडं उन्हात हायत."

"ठाऊक हाय मला."

त्यानं जीप पुन्हा सुरू केली. चौफुल्याकडं निघून गेला. वीसेक मिनिटांनी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन परत आला. स्वतः टाकीत ओतलं. बाटलीचं बूच लावलं आणि म्हणाला, "चुकलं, आबा. फोनवर बोलाया नगं होतं. जावा आता."

त्रेसष्ट वर्षं ज्या शब्दासाठी मी रस्त्या-रस्त्यावर आडवा पडत होतो, तो शब्द असा पाण्याच्या बाटलीबरोबर हातात आला. मला वाटायचं, त्या दिवशी मला केवढा आनंद होईल. मी "बरं" म्हणालो. "तुझी ओवाळणी झाली का?" विचारलं.

"न्हाई. ताई म्हणाली, आधी त्यांचं बघ."

एका दिवसात दोन भावांची भाऊबीज मोडणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी दुसरा नसेल!

फाटकापाशी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. फाटकवाल्याच्या खोलीच्या सावलीला, त्याच्या स्टुलावर कौसा बसली होती. मांडीवर ताट. नारळ पुसून पुन्हा जागेवर ठेवलेला.

"आलं बघा तुमचं किसनराव!" फाटकवाला म्हणाला.

माझं नाव याला कसं कळलं? तर त्यानं चौफुल्याच्या ओळखीच्या पानवाल्याला फोन लावला होता, की असा असा माणूस एम-एटीवर दिसला तर थांबव. पानवाल्यानं नाव विचारलं. कौसा काही केल्या सांगेना. शेवटी फाटकवाला म्हणाला, "मावशी, उखाण्यात तरी घ्या!" तेव्हा तिनं घेतलं :

"केडगावच्या फाटकाला तांबडी-पांढरी पट्टी,
किसनराव गेलं भांडाय, बायकोशी करून कट्टी."

फाटकवाला हसत होता. मीही हसायला गेलो. पण तो पुढं म्हणाला, "आबा, दौंडची शटल गेली की हितनं एक वाजता. मी म्हटलं, मावशी, स्टेशन हे काय समोर हाय. बसा, अर्ध्या तासात दौंडात. पण ऐकतील तर!"

"का गेली न्हाईस?" मी कौसाला विचारलं. खरं म्हणजे रागानंच विचारलं.

तिनं वर बघितलं नाही. "तुम्ही परत आला असता आन् मी दिसले नसते, तर घाबरला असता."

मी तिकडं यवतला बैलांच्या गोष्टी सांगत होतो, तेव्हा ही मी घाबरू नये म्हणून गाडी सोडून देत होती.

तरीही मी 'चुकलं' म्हणालो नाही. "चल, अजून येळ हाय," एवढंच म्हणालो.

दौंडला फलाटावर पोचलो तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. मोकळे रूळ, आणि आमच्याकडं बघणारा एक चहावाला.

"तुम्ही बबनच्या ताई का?" त्यानं गाड्याखालनं कागदात बांधलेलं लुगडं काढून कौसाच्या हातात दिलं. "गाडी सुटस्तवर दारातच हुबा होता. वहिनी म्हणत होत्या, दोन घास खाऊन घ्या. तर न्हाई म्हणाला. सकाळधरनं च्यासुदिक घेतला न्हाई." मग तो एकदम जीभ चावून म्हणाला, "आयला! उपाशी गेल्याचं ताईला सांगू नगं म्हणाला होता."

कौसानं लुगडं ताटावर ठेवलं आणि वरून फडकं बांधलं.

परतीच्या वाटेवर मी गर्दीला नावं ठेवली, फाटकाला ठेवली, पेट्रोलला ठेवली. मागनं उत्तर नाही. दर मैलाला मी मागं हात लावून बघत होतो, बसलीय का. बसली होती. पण बसली असून नव्हती.

घरी गेल्यावर तिनं भाकरी केली, मला वाढली. स्वतः काही घेतलं नाही.

"उद्या सकाळच्या यष्टीनं दौंडला जाते. तिथनं भुसावळला."

"येकटी?"

"आज येकटीच होते की," ती म्हणाली.

चाळीस वर्षांतलं पहिलं उलट उत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी न्हावऱ्याच्या गॅरेजवाल्याला झोपेतून उठवला आणि एम-एटीला आरसा बसवून घेतला. मोठा, गोल. घरी येऊन गाडी दारापुढं लावली आणि वाट बघत उभा राहिलो. कौसा ताट घेऊन बाहेर आली. आरशापुढं थांबली. त्यात बघून कुंकू नीट केलं. आणि चालत यष्टीच्या थांब्याकडं गेली.

मी यष्टीच्या मागं मागं निघालो. केडगावच्या फाटकापर्यंत एकाला शिवी दिली नाही. फाटक बंद. यष्टी डाव्या बाजूला, रांगेत उभी. कौसा उजव्या अंगाच्या खिडकीत. आता तिच्याशी बोलायचं तर दुसरी वाटच नव्हती. मी उजव्या बाजूनं गाडी घातली आणि तिच्या खिडकीखाली, रस्त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

फाटक उघडलं. समोरून ट्रॅक्टर, टेम्पो, जीपा सगळे माझ्या अंगावर येऊन अडले. हॉर्नचा नुसता कल्लोळ. यष्टीचा ड्रायव्हर खिडकीतनं ओरडला, "ओ आबा! राँग साईडला घुसलाय, आन् वर चुकलं म्हणायची पण रीत न्हाई व्हय?"

"चुकलं," मी म्हणालो. पण बघत होतो कौसाकडं.

"काय?" ती म्हणाली. "मोठ्यानं म्हणा. हॉर्नात काय कळंना."

"चुकलं!" मी ओरडलो. "कौसा, माझं चुकलं!"

हॉर्न थांबले. फाटकवाला खोलीबाहेर येऊन बघायला लागला. कौसानं ताट मांडीवर नीट धरलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता बाजू द्या. माझा भाऊ उपाशी हाय."

मी खाली उतरलो, एम-एटी ढकलत ढकलत पार कडेच्या बाभळीत नेली आणि जन्मात पहिल्यांदा बाजू दिली. यष्टी गेली, तिच्यामागनं ट्रॅक्टर गेले, टेम्पो गेले, समोरच्या सगळ्या जीपा गेल्या. आणि तुम्हाला सांगतो, एवढ्यांना बाजू दिली, पण एकानंही साधा हात वर केला नाही!